मणिकर्णिकेवरच्या माणसांचा स्वभाव आणि आपल्या कचेरीतल्या चाचण्या

काशीला जाऊन आलेली मंडळी मणिकर्णिका घाटाबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात: तिथे चिता सांभाळणाऱ्या डोमांना काही वाटतच नाही, त्यांचं काळीजच दगडाचं. डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे ते खरंही वाटतं. घाटावर रात्रंदिवस चिता जळतात. कर्ता डोमांकडून अग्नी घेतो, फेऱ्या घालून सरण पेटवतो. सगळं आटोपल्यावर पाण्याचा घडा डाव्या खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता निघून जातो. डोमाला मात्र तिथेच थांबावं लागतं. लांब बांबूने जळकी लाकडं आत ढकलायची, निखारे विझवायचे, काठच्या पाण्यात राख चाळून सोन्याचा एखादा कण मिळतो का ते पाहायचं. हे करता करता तो शेजारच्याशी गप्पा मारतो, चहा पितो. पाहणारा तेवढ्यावरून त्याचा स्वभाव ठरवून मोकळा होतो.

हाच पहिला गैरसमज. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण परिस्थितीला फार कमी आणि स्वभावाला फार जास्त महत्त्व देतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये या चुकीला ‘मूलभूत आरोपण दोष’ असं नाव दिलं. रोज प्रेतं हाताळणाऱ्याला सवय होते आणि त्या कामाला शांतपणा लागतोच. शवविच्छेदन करणारा डॉक्टरही तसाच वागतो, पण त्याचा तो पेशा आहे हे आपण सहज समजून घेतो. दारू प्यायल्याशिवाय हे काम होत नाही, असं घाटावरचे कितीतरी जण पत्रकारांना सांगत आले आहेत. काळीज दगडाचं असतं तर ही गरज पडली नसती.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे आणि मला तो जास्त घातक वाटतो: ज्याचा जसा पिंड, तसं त्याला काम मिळतं. मणिकर्णिकेवर पिंड पाहून कोणी कोणाला नेमलेलं नाही. डोम ही उत्तर प्रदेशातली अनुसूचित जात आहे आणि घाटावर काम करायचा हक्क जन्माने येतो. कोणत्या दिवशी कोणाची पाळी, तिथल्या बोलीत ‘पारी’, हे वारशाने ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी ‘डेथ इन बनारस’ (1994) या अभ्यासात ही व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. जातीने लादलेल्या कामाला ‘त्यांच्या स्वभावाला जमतं’ म्हटलं की अन्याय नजरेआड होतो.

अशी कामं करणारे लोक खचलेलेच असतात, हेही खरं नाही. समाज ज्या कामांना घाण मानतो, त्यांचा विचार समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांनी 1951 मध्ये मांडला. ब्लेक ॲशफोर्थ आणि ग्लेन क्राइनर यांनी 1999 मध्ये त्यापुढे जाऊन दाखवलं की असे कामगार आपल्या कामाला स्वतःचा अर्थ देतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. डोम सांगतात, आमच्या अग्नीशिवाय मुक्ती नाही, राजा हरिश्चंद्रही आमच्याकडे चाकरीला होता. काशीच्या डोमांचे प्रमुख, डोमराजा जगदीश चौधरी यांना 2021 मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

आता आपल्या कचेऱ्यांकडे या. तिथे ‘जसा पिंड, तसं काम’ हाच गैरसमज चाचणीचा कागद घेऊन येतो. मायर्स-ब्रिग्ज चाचणी माणसांची स्वभावाच्या 16 प्रकारांत विभागणी करते. मानसशास्त्रज्ञ युंगच्या 1921 च्या ग्रंथावरून ती रचणाऱ्या मायलेकींनी मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलं नव्हतं. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधे कुठेतरी असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली की अनेकांचा प्रकार बदलतो.

मग स्वभावाचा कामाशी संबंधच नाही का? आहे. संशोधक आज पाच गुणांच्या मोजपट्ट्या वापरतात: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक स्थैर्य. बॅरिक आणि माउंट यांनी 1991 मध्ये 117 अभ्यास एकत्र तपासले. कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी संबंध त्यांनी पाहिलेल्या सगळ्या व्यवसायगटांत दिसला, बहिर्मुखतेचा मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनात. पण कर्तव्यदक्षतेचाही सहसंबंध 0.2 च्या आसपास, म्हणजे कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम चार-पाच टक्के भाग. उरलेल्यात कौशल्य, पगार, वरिष्ठ, कामाचे तास असं बरंच काही येतं.

मायर्स-ब्रिग्जचे प्रकाशकच सांगतात की ही चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये. तुमच्याकडे मुलाखतीत ती देत असतील, तर हे त्यांना जरूर दाखवा.