विश्लेषण : तण मरावे, हिरवळ नव्हे!

पावसाळ्यात बंगल्यासमोरच्या हिरवळीत तणे माजतात. दुकानातून आणलेले कोणतेही तणनाशक फवारले, तर तणांबरोबर हिरवळही जळू शकते.

‘निवडक’ म्हणजे काय?
२,४-डी हे तणनाशक रुंद पानांची तणे मारते. हरळीसारख्या गवताला योग्य मात्रेत सहसा इजा करत नाही. गाजर गवत नावापुरतेच गवत, प्रत्यक्षात ते रुंद पानांचे तण. ग्लायफोसेट मात्र हिरवळीसह सारेच मारते. त्याचा वापर पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांपुरता मर्यादित ठेवण्याची अधिसूचना केंद्राने २०२२ मध्ये काढली. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी २,४-डीला दाद देत नाहीत. तो गाठींसह खणून काढावा लागतो.

काळजी कोणती?
वाऱ्याने उडालेले तुषार शेजारच्या टोमॅटो, द्राक्षवेलीची पाने वेडीवाकडी करतात. त्यामुळे वारा शांत आणि पावसाची शक्यता नसतानाच, हातमोजे व मुखपट्टी घालून फवारणी करावी. मात्रा लेबलनुसारच ठेवावी. लेबलवर हिरवळीची शिफारस नसेल, तर वापर टाळावा. फवारा सुकेपर्यंत मुले, पाळीव प्राणी यांना दूर ठेवावे. तोच पंप फुलझाडांसाठी वापरू नये. तणे मोजकीच असतील, तर खुरपे पुरेसे.