चघळायची गोळी, पण औषधच

कोरोनाच्या काळात नायगाव, परळ, लालबागच्या चाळींत व्हिटॅमिन सीच्या आंबटगोड गोळ्या घरोघरी आल्या. साथ ओसरली, सवय राहिली. मुलं चॉकलेटसारखी मागतात आणि आपणही देतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते. नेहमीच्या एका गोळीत असते ५००. जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, मग बिघडते काय, असे आम्हालाही वाटायचे. पण शरीरात त्यातल्या काहीचे ऑक्झलेट बनते आणि मुतखडे बहुतेक त्याचेच असतात. स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत मुतखड्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. ज्यांना एकदा खडा झाला आहे किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊच नये. प्रौढांसाठी २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. तिच्यापुढे जुलाब, मळमळ, पोटात मुरडा. लहान मुलांची मर्यादा याहून बरीच कमी.

मधुमेहींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. मोठ्या डोसमुळे काही ग्लुकोमीटरवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. थॅलेसेमियाच्या रुग्णांत आधीच लोह साठलेले असते, त्यात ही गोळी भर घालते.

बाजारातला एक पेरू दिवसाची गरज भागवतो, आवळाही तसाच. तरीही गोळी चालू असेल, तर केईएमच्या ओपीडीत डॉक्टर ‘काय औषधं चालू आहेत?’ विचारतील तेव्हा तिचेही नाव सांगा.