सरावलीहून एका दिवसात ज्वालामुखीचा माग

पालघर जिल्ह्यातले काळे डोंगर थिजलेल्या लाव्हाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर आला आणि थरावर थर साचून दख्खनचा बसाल्ट घडला.

सकाळचा टप्पा: काळदुर्ग. सरावली-बोईसरहून पालघर गाठावे. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून वाट वर चढते. माथ्यावरचा चौकोनी कातळ लांबूनच ओळखू येतो. बसाल्टात बारीक छिद्रे दिसली, तर ती लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची खूण असते. अशा पोकळ्यांत पुढे पांढरी झिओलाइट खनिजे साचतात.

दुपारचा टप्पा: तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे. ही उष्णता जिवंत ज्वालामुखीची नाही. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. कुंडात उतरण्याआधी पाण्याचा अंदाज घ्यावा.

जिवंत ज्वालामुखी मात्र इथून दूर आहे: भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातल्या निर्मनुष्य बॅरन बेटावर आहे. दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये त्याचा पुन्हा उद्रेक झाला.