आजीचं खाणं कमी करायचं का? कॅलरी आणि अल्झायमरचा एक पेपर

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअर मैत्रिणीचा मेसेज आला: “ताई, आजी हल्ली फार विसरते. तिचं खाणं कमी करू का? पेपरमध्ये तसंच दिलंय.” मी आधी फोन केला. म्हटलं, अजिबात नको, डॉक्टरांना दाखव. अल्झायमरमध्ये वजन बरेचदा आपोआपच घटतं, कधीकधी निदानाच्याही आधी. मग पेपर उघडला. संशोधनाकडे वळणार असाल तर तुम्हीही तो वाचाच.

अभ्यास २००२ चा, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा. डिमेन्शिया नसलेले ९८० वृद्ध, सरासरी चार वर्षं पाठपुरावा. त्यातल्या २४२ जणांना अल्झायमर झाला. सर्वांत जास्त कॅलरी घेणाऱ्या चतुर्थांशात धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या १.५ पट. पण कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा: १.० ते २.२. म्हणजे ‘काहीच फरक नाही’ला टेकलेला! एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार असलेल्यांत मात्र २.३ पट.

कॅलरी मोजल्या कशा? प्रश्नावलीने, आठवून. ज्यांची स्मृतीच तपासायची त्यांच्याच स्मृतीवर भिस्त! हसू नका, आहाराच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांत असंच चालतं.

इथे एक सवय लावून घ्या. त्रुटी सापडली की ती निकाल कुठल्या दिशेला ढकलते ते विचारा. सुप्त आजारामुळे भूक आधीच मंदावली असेल, तर भावी रुग्ण कमी खाणाऱ्यांत मोजले जातील. म्हणजे ही त्रुटी निकालाच्या विरुद्ध ओढते, आणि खरा संबंध दिसतोय त्याहून जास्तही असू शकतो. मी पहिल्यांदा वाचताना नेमकं उलटं समजले होते.

उंदरांत कॅलरी कमी केल्यावर मेंदूतले अमायलॉइडचे थर घटलेले दिसलेत. पण पिंजऱ्यातला कंट्रोल उंदीर दिवसभर हवं तेवढं खातो; तो ‘नॉर्मल’ की अतिखाऊ?

माणसांवरची मोठी चाचणी २०२३ ला आली, ‘माइंड’ आहाराची. वजन जास्त असलेले, घरात डिमेन्शियाचा इतिहास असलेले ६०४ ज्येष्ठ, तीन वर्षं. दोन्ही गटांचं वजन साधारण पाच किलो घटलं, आणि स्मृती-आकलनाच्या गुणांत दोघांमध्ये ठळक फरक पडला नाही. लगेच ‘आहाराचा उपयोग नाही’ लिहू नका. कॅलरी दोन्ही गटांच्या कमी केल्या होत्या. तुलना झाली ती कुठल्या पदार्थांची. किती खायचं, हा मैत्रिणीचा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.