सूर्य बघायचा तर आधी दुकानदार बघा

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक मोकळा दिवस पडला होता. मंगळवार, २५ ऑक्टोबर. त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. मुंबईत ते पावणेपाचच्या सुमाराला लागलं आणि सुटायच्या आतच सूर्य मावळला. पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त. असं ग्रहण शेवटपर्यंत बघायचं तर पश्चिमेचं क्षितिज मोकळं लागतं, आणि अंधेरी-बोरिवलीच्या टॉवरांत किंवा मुलुंड-घाटकोपरच्या दाटीत ते सापडणं कठीण. मढला ते आहे. मालाड स्टेशनाबाहेरून २७१ नंबरची बस धरा, नाहीतर वर्सोव्याहून तरीत बसून खाडी ओलांडा. कोळीवाड्यापलीकडे गेलं की समोर अरबी समुद्र, आणि सूर्याच्या वाटेत एकही इमारत नाही.

जागा अशी फुकटात मिळते. डोळ्यांवर काय धरायचं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सहसा ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी शोधलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो.

या बाबतीत आपला इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाची खग्रास पट्टी कर्नाटक-आंध्रातून गेली. मुंबईत ते खंडग्रासच होतं, तरी रस्ते ओस पडले, लोक दारं-खिडक्या लावून बसले. २४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहणही दिवाळीतच आलं. तोवर विज्ञान चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव प्रचार केला होता, स्वस्त चष्मे शाळांपर्यंत गेले होते, आणि माणसं घराबाहेर आली. भीती गेली ते उत्तमच झालं. पण तिच्या जागी कित्येकदा बेफिकिरी आली. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, फोटोंच्या निगेटिव्ह, फ्लॉपीतली चकती, सीडी, एकावर एक चढवलेले दोन गॉगल असं घरात सापडेल ते डोळ्यांपुढे धरलं गेलं.

हे सगळं वाईट का, तर फक्त उजेड कमी होऊन भागत नाही. रंगीत फिल्ममध्ये रंगद्रव्य असतं, चांदी नसते. त्यामुळे दृश्य प्रकाश अडतो, पण अवरक्त किरण सहज पार जातात. सूर्य मंद दिसतो म्हणून आपण निवांत बघत राहतो आणि डोळ्याचं भिंग ते किरण नेमके दृष्टिपटलावर एकवटत राहतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा होताना काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. हा डाग काहींचा काही महिन्यांत विरतो, काहींचा कायम राहतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही.

म्हणून चष्मा हवा तो खास सूर्यासाठी बनवलेला. त्यासाठी जगभर मानलं जाणारं मानक म्हणजे आयएसओ १२३१२-२. २०१५ साली आलेल्या या मानकानुसार चष्म्यातून दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग आत यावा, आणि अतिनील व अवरक्त किरणांवरही मर्यादा आहे. साध्या गॉगलमधून दहा-वीस टक्के उजेड सहज येतो. दोन्ही काळेच दिसतात, पण त्यांची तुलनाच नाही.

आता बाजारातली गोम. 'आयएसओ प्रमाणित' असं चष्म्यावर छापलेलं असतं, पण आयएसओ ही संस्था मानकं लिहिते, कुणाचा माल तपासून प्रमाणपत्र देत नाही. तपासणी प्रयोगशाळेत होते आणि तिचा अहवाल उत्पादकाकडे असतो. 'नासामान्य' हा शिक्का तर सरळ खोटा, कारण नासा कुठल्याच चष्म्याला मान्यता देत नाही. छापखाना असलेल्या कुणालाही हे शब्द छापता येतात. २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणाआधी ॲमेझॉनला खात्री नसलेले चष्मे घेतलेल्या ग्राहकांना पैसे परत करावे लागले. २०२४ च्या ग्रहणाआधीही अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला बनावट चष्म्यांबद्दल इशारा द्यावा लागला. तिचा सल्ला साधा होता: छापलेल्या खुणेवर जाऊ नका, माल कुणाकडून आला ते बघा. त्यासाठी तिने विश्वासू उत्पादक आणि विक्रेत्यांची यादीच ठेवली.

असली यादी ठेवून आपल्याकडे कुणी बसलेलं नाही. पण तिचं काम करणारी माणसं मुंबई-पुण्यात आहेत, ती म्हणजे हौशी खगोल मंडळं. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमाराला, १९८५-८६ मध्ये सुरू झालेलं खगोल मंडळ शीवच्या साधना विद्यालयात जमतं आणि वांगणीला रात्रभर आकाश दाखवतं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. वरळीला नेहरू तारांगण, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद. ग्रहण जवळ आलं की अशा संस्थांमधून चष्मे मिळतात, किंवा कुठे मिळतील ते कळतं. तिथला माणूस स्वतः त्याच चष्म्यातून बघणार असतो, आणि माझ्या लेखी याहून मोठं प्रमाणपत्र नाही. सिग्नलवर किंवा स्टेशनच्या पुलावर ग्रहणाच्या सकाळी चष्मे विकणारा पोरगा दुपारी छत्र्या विकत असेल. त्याची चूक नाही, पण तक्रार घेऊन तुम्ही त्याच्याकडे जाऊ शकत नाही.

सौर साधनं नीट चौकशी करून घेण्याची ही रीत या प्रांतात जुनी आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला यांना १८८० च्या दशकात भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवालांनी इंग्लंडला जाऊन जाणकारांचा सल्ला घेतला आणि डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून वीस इंची परावर्ती दुर्बीण आणवली. तेव्हा ती देशातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तंबू ठोकून टिपलं. त्याच ग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला उतरले होते. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. दुर्बीण मात्र पुढे कित्येक वर्षं चालली. नाव असलेल्या कारागिराकडून घेतलेली वस्तू अशी टिकते.

आपल्यासारख्यांना ग्रबची गरज नाही. कागदी चष्म्याला शंभर-दीडशे रुपये पुरतात. हातात आल्यावर तो घरातल्या दिव्याकडे धरा. काहीच दिसता कामा नये. अगदी झगझगीत एलईडी असेल तर अंधुक ठिपका दिसेल, तेवढाच. खिडकी, पंखा, माणसं दिसली तर तो चष्मा कात्रीने कापून फेका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. फिल्मवर ओरखडा किंवा टाचणीएवढं भोक दिसलं तरी तेच करा. चष्मा तीन वर्षांत निकामी होतो असं काहींवर छापलेलं असतं. मानकाप्रमाणे बनलेला, धड राहिलेला चष्मा त्यापुढेही चालतो. वेल्डरची काच वापरायची तर १४ नंबरचीच मागा. वेल्डिंगच्या दुकानात नेहमी मिळणारी १० किंवा ११ नंबरची सूर्याला पुरत नाही.

दुर्बीण आली की सगळे नियम कडक होतात. इथे एक वाक्य ठळक लिहून ठेवण्याजोगं आहे: ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीला किंवा बायनॉक्युलरला डोळा लावू नका. भिंगातून एकवटलेला सूर्य चष्म्याची फिल्म क्षणात जाळतो आणि मागे डोळा असतो. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे सूर्याच्या बाजूला लागतो. स्वस्त दुर्बिणींबरोबर कधी 'सन' असं लिहिलेली छोटी काच येते, डोळ्याकडच्या भिंगात बसवायची. ती तापून तडकते. चोरबाजारात किंवा जुन्या सामानात अशी दुर्बीण मिळाली तर ती काच पहिल्यांदा कचऱ्यात टाका.

तोंडावर लावायची फिल्म मात्र अव्वल मिळते. म्युनिकजवळच्या मामेनडॉर्फच्या बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म हौशी मंडळींत सर्वांत जास्त चालते. तिची डोळ्यांसाठीची जात प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडते. साधारण ए-४ कागदाएवढ्या तुकड्याला काही हजार रुपये पडतात आणि त्यात एक मध्यम दुर्बीण आणि बायनॉक्युलर दोन्ही झाकून होतं. घेताना एक गोष्ट विचारायलाच हवी. ही फिल्म दोन घनतांत येते, ५ आणि ३.८. दुसरी फक्त फोटोसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही. वेबसाइटवर दोन्हींची चित्रं सारखीच दिसतात. दुर्बिणी विकणारा जाणकार दुकानदार हा फरक न विचारता सांगतो. जो सांगत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये.

मढसारख्या किनाऱ्यावर दोन वेगळ्या अडचणी येतात. एक वारा. संध्याकाळी समुद्रावरून येणारा झोत ढिलं बसलेलं फिल्टर अलगद उडवतो, आणि त्या वेळी डोळा दुर्बिणीला असेल तर विचारायलाच नको. म्हणून फिल्टरची कड सेलोटेपने चारी बाजूंनी बांधायची, आणि मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण लावूनच ठेवायचं. दुसरी अडचण दमट खारी हवा. फिल्मवरचा धातूचा मुलामा तिने खराब होतो, भिंगांना पावसाळ्यात बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून सगळं ठेवावं, आणि दर वापराआधी फिल्म उजेडाकडे धरून भोकं शोधावीत.

मावळत्या सूर्याबद्दल आणखी एक. क्षितिजाजवळच्या दाट हवेत सूर्य इतका मंदावतो की चांगल्या फिल्टरमधून तो दिसेनासाच होतो. मग फिल्टर बिघडला असं वाटून माणूस तो काढतो. मढजवळच्या अक्सा किनाऱ्यावर रोज शेकडो लोक लालबुंद सूर्य उघड्या डोळ्यांनी बघतात. तो बघवत असेल तेव्हा क्षणभर नजर टाकणं वेगळं, टक लावणं वेगळं. दुर्बिणीचा फिल्टर तर सूर्य पुरता बुडेपर्यंत काढायचा नाही.

ज्यांची हौस आणि खिसा दोन्ही मोठे, त्यांच्यासाठी हायड्रोजन-अल्फा दुर्बीण आहे. ६५६.२८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा निवडून ती सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दाखवते. लाखाच्या घरातली खरेदी. तीही विचारपूसशिवाय करू नये. कोरोनाडो हे या क्षेत्रातलं मोठं नाव, पण त्यामागच्या मीड कंपनीने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. आता कोरोनाडोची जुनी दुर्बीण स्वस्तात मिळाली, तरी दुरुस्तीला कुठे न्यायची ते आधी विचारा. अलीकडच्या स्मार्ट दुर्बिणी, उदाहरणार्थ सीस्टार एस-५०, सौर फिल्टरसकट येतात आणि चित्र मोबाइलवर दाखवतात. डोळ्याला धोका नाही, पण समोरची गोष्ट स्वतःच्या डोळ्याने बघितल्याचं सुखही नाही. माझं मत विचाराल तर आधी शंभर रुपयांचा चष्मा, मग फिल्म, आणि हे सगळं त्यानंतर.

आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तर? एक छोटा आरसा घ्या, त्यावर सेंटीमीटरभर भोक पाडलेला काळा कागद चिकटवा, ऊन पकडून सावलीतल्या भिंतीवर कवडसा पाडा. वीस मीटरवर सूर्याचं साधारण अठरा सेंटीमीटरचं बिंब उमटतं. मुंबईच्या नवनिर्मिती या संस्थेने हा आरसा रबरी चेंडूत बसवून देशभरच्या शाळांत नेला. वर्गातली सगळी मुलं एकाच वेळी ग्रहण बघतात आणि कुणाचाही डोळा सूर्याकडे वळत नाही.

ग्रहणाची वाट बघायचीही गरज नाही. मे २०२४ मध्ये सूर्यावर उमटलेला डागांचा प्रचंड समूह साध्या चष्म्यातूनही दिसत होता. भारताच्या आदित्य-एल१ यानावरची 'सूट' ही पुण्याच्या आयुका या संस्थेत घडलेली दुर्बीण सूर्याचं अतिनील रूप टिपते आहे. तिने दाखवलेलं चित्र आणि आपल्या चष्म्यातलं बिंब पडताळून बघण्यात वेगळीच मजा आहे.

मुंबईतून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे, सोमवारी, ऐन आषाढी अवसेला, म्हणजे गटारीला. इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास असेल. आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल, ढगांनी दिसू दिलं तर. जुलैत मागणी वाढेल आणि तिच्याबरोबर बनावट मालही येईल. तेव्हा चष्मा या हिवाळ्यातच घ्या, एखाद्या खगोल मंडळाच्या बैठकीला जाऊन, आणि तिथल्या माणसाला आधी विचारा की तो स्वतः कुठला वापरतो.