पोलादाच्या प्लेटला टिचकी

बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून बघायची, आठवतंय ना? खणखणीत वाजला तर घ्यायचा; बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. पोलादाच्या प्लेटलाही अशीच टिचकी मारतात. कशी, ते आज पाहू.

ही टिचकी आपल्याला ऐकू येत नाही. आपले कान सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंत ऐकतात. प्लेट तपासणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बहुधा २० ते ५० लाख कंपनांचा आवाज सोडतो. त्यातल्या स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो, आणि परत आलेल्या आवाजाने थरथरला की वीज देतो. तोंडही तोच, कानही तोच.

पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. २० मिलिमीटर जाडीच्या प्लेटच्या तळावरून प्रतिध्वनी यायला जेमतेम ७ मायक्रोसेकंद लागतात. तो ३ मायक्रोसेकंदांच्या आतच आला, तर साधारण ८ मिलिमीटरवर काहीतरी आडवं आलंय असं समजायचं.

काय असेल ते? ओतलेल्या पोलादात राहून गेलेली पोकळी किंवा कचरा प्लेट लाटताना चपटा होतो. चपातीच्या दोन पापुद्र्यांत असते तशी फट आत राहते. वरून प्लेट अगदी गुळगुळीत! पण तिच्यावर दुसरी प्लेट काटकोनात वेल्ड केली आणि ओढ बसली, की ती आतून उकलू शकते.

सोनोग्राफीत पोटावर जेल लावतात, तसं इथेही जेल किंवा पाणी लागतं. धातू आणि हवा जिथे भेटतात, तिथून हा आवाज जवळजवळ सगळा मागे फिरतो. सेन्सरखाली हवा राहिली तर तो आत शिरतच नाही. आणि आतल्या फटीवरून तो मागे फिरतो, म्हणूनच ती सापडते.

आता सर्वांत महत्त्वाचं. उभी, बारीक भेग सरळ खाली जाणाऱ्या आवाजाला सहसा सापडत नाही. आवाज तिच्या बाजूने निघून जातो. म्हणून वेल्डजवळ ४५, ६० किंवा ७० अंशांतून तिरका आवाज सोडतात. तेव्हा अहवालात ‘दोष आढळला नाही’ असं दिसलं, तर एवढं जरूर विचारा: कोणकोणत्या दिशांनी पाहिलंत? माठसुद्धा आई फिरवून फिरवूनच वाजवायची.