तिवर आणि चिखलातील सूक्ष्मजीव : कोपर परिसरातील खाडीच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुळांच्या प्रभावाखालील मातीस जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ म्हणजेच मूलपरिवेश ही संज्ञा दिली. हे सहजीवन अतिप्राचीन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, खरी मुळे नसलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही सहजीवी बुरशी आढळते. वाल, तूर यांसारख्या कडधान्यांनी बुरशीशी असलेल्या या जुन्या संबंधातील संकेतप्रणालीच पुढे रायझोबियम जीवाणूंसाठी वापरली. कोपरनजीकच्या उल्हास खाडीतील तिवर वृक्ष याच परस्परसंबंधाचे जवळचे उदाहरण होय.

तिवर व सूक्ष्मजीव :
भरतीच्या पाण्याने भिजलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे सल्फेटवर जगणारे जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात व त्यातून मुळांना विषारी ठरणारा सल्फाइड तयार होतो. तिवराची श्वसनमुळे चिखलाबाहेर येऊन हवा घेतात. त्यातील काही प्राणवायू बारीक मुळांतून चिखलात झिरपतो व तेथे सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करणारे जीवाणू वाढतात. श्वसनमुळांवरील नीलहरित शैवाल हवेतील नत्र स्थिर करते. गळलेली पाने सूक्ष्मजीवांचे अन्न बनतात. अशा रीतीने वृक्ष चिखल बदलतो आणि बदललेला चिखल वृक्षास जगवतो.

तथापि, प्रत्येक परस्परपरिणामास सहउत्क्रांती म्हणता येत नाही. त्यासाठी दोन्ही पक्षांत एकमेकांमुळे आनुवंशिक बदल घडावे लागतात. कडधान्ये व रायझोबियम यांच्याबाबत असे पुरावे भक्कम आहेत. तिवराच्या बाबतीत मात्र परिस्थितिकीय संबंध अधिक स्पष्ट आहे. तिवराच्या रोपास मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव मुख्यत्वे चिखलातूनच मिळतात. म्हणून चिखल हा त्याचा एक प्रकारचा वारसाच ठरतो.

निष्कर्ष :
मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली. परंतु वृक्ष न तोडताही, भराव टाकून भरतीचा मार्ग अडविल्यास चिखलाची क्षारता, ओलावा व प्राणवायू बदलतात आणि सूक्ष्मजीवसमूहही बदलतो. अन्यत्र रोपे लावल्याने ही हानी आपोआप भरून निघत नाही. सबब, खारफुटीचे संवर्धन म्हणजे वृक्षांबरोबरच भरती-ओहोटीचे व चिखलाचेही संवर्धन होय. महाविद्यालयीन क्षेत्रअभ्यासात वृक्षगणनेच्या जोडीला चिखलाचे परीक्षण समाविष्ट होणे अगत्याचे आहे.